१२३४५६७८९८७६५४३२१ : नक्षी किती आणि गणित किती

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. १२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या १११११११११ चा वर्ग आहे असे आपण वर्गात सांगितले; एका विद्यार्थ्याने ती संगणकावरच्या स्प्रेडशीटमध्ये लिहिली, तेव्हा शेवटचे दोन अंक शून्य झाले, पण वर्गमूळ मात्र नीट १११११११११ असेच आले. त्यामुळे ही संख्या खरोखर पूर्ण वर्ग आहे का, तिचे मूळ अवयव कोणते, आणि ‘नऊ या अंकाचे सामर्थ्य’ म्हणून तिच्याविषयी जे संदेश फिरत असतात त्यांत तथ्य किती, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

आधी सरळ उत्तर देतो. संख्या पूर्ण वर्ग आहे, आणि हे पाटीवर पाच मिनिटांत दाखवता येते. तिचे मूळ अवयव ३, ३७ आणि ३३३६६७ हे तीनच आहेत. पैकी ३ चार वेळा आणि उरलेले दोन प्रत्येकी दोनदा येतात. संदेशांत सांगितलेल्या बहुतेक गोष्टी खऱ्या असतात, परंतु त्यांचे कारण चुकीचे सांगितलेले असते किंवा सांगितलेलेच नसते. संख्यांचे गणित शिकवताना मी ही संख्या अनेक वर्षे उदाहरणादाखल वापरली आहे आणि माझे मत असे बनले आहे की, तिचे लक्षात राहण्याजोगे जवळजवळ सगळे गुणधर्म दोन साध्या गोष्टींतून निघतात. पहिली गोष्ट म्हणजे वर्ग करताना हातचा येत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे नऊ एकांच्या संख्येला ९ ने गुणले की नऊ नवांची संख्या मिळते, आणि ती एक अब्जापेक्षा फक्त १ ने लहान असते.

संख्या वाचायची कशी, हाही मुलांचा हमखास प्रश्न असतो. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर ती १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ अशी लिहावी लागेल, आणि कोटीपुढची नावे न वापरता वाचायची तर एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस असे म्हणावे लागेल. भास्कराचार्यांनी लीलावतीत स्थानांची अठरा नावे दिली आहेत, ती घेतली तर वाचन अधिक सुटसुटीत होते, कारण संख्येत सतरा अंक आहेत आणि त्या यादीत प्रत्येक स्थानाला स्वतंत्र नाव आहे. सर्वांत डावीकडचा १ ‘मध्य’ या स्थानी पडतो, त्यानंतरचा २ ‘अंत्य’ स्थानी, ३ ‘जलधी’ स्थानी, ४ ‘शंकू’ स्थानी, आणि याप्रमाणे उतरत गेल्यावर मधोमध असलेला ९ ‘अर्बुद’ म्हणजे दहा कोटींच्या स्थानी येतो. ‘परार्ध’ हे यादीतले अठरावे आणि शेवटचे स्थान आहे. आपली संख्या त्याच्या एकच पायरी अलीकडे थांबते.

आता वर्गाविषयी. गुण्य १११११११११ आणि गुणकही तोच, असा गुणाकार शाळेतल्या पद्धतीने मांडला तर नऊ ओळी येतात. प्रत्येक ओळ तीच असते, फक्त दर वेळी एक घर डावीकडे सरकलेली असते. उजवीकडच्या पहिल्या स्तंभात एकच १ येतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, आणि नवव्या स्तंभात नऊच्या नऊ ओळींचे एक येतात. तिथून पुढे उजवीकडच्या ओळी संपत जातात, त्यामुळे संख्या पुन्हा आठ, सात, सहा अशी उतरत जाऊन शेवटी एकावर येते. कोणत्याही स्तंभाची बेरीज ९ च्या वर जात नाही, म्हणून हातचा येत नाही, आणि स्तंभांच्या बेरजा जशाच्या तशा उत्तराचे अंक बनतात. वर्ग असल्याची सिद्धता एवढीच आहे. तिच्यासाठी संगणक लागत नाही.

याच मांडणीतून अंकांच्या बेरजेचाही उलगडा होतो. संख्येच्या अंकांची बेरीज ८१ आहे, आणि संदेशांत यालाच ‘नऊ गुणिले नऊचा चमत्कार’ म्हटलेले असते. वस्तुतः ज्या गुणाकारात हातचा येत नाही, त्या प्रत्येक गुणाकारात उत्तराच्या अंकांची बेरीज ही गुण्याच्या अंकांची बेरीज आणि गुणकाच्या अंकांची बेरीज यांच्या गुणाकाराइतकी असते. १११ चा वर्ग १२३२१ आहे. त्याच्या अंकांची बेरीज ९ म्हणजे ३ × ३ आहे. १११११ चा वर्ग १२३४५४३२१ आहे. बेरीज २५ आहे. आपल्या संख्येत दोन्ही बाजूंना नऊ एक आहेत, म्हणून ९ × ९. हातचा आला की मात्र ही बेरीज बिघडते, आणि तीही नियमाने बिघडते : दहा एकके देऊन पुढच्या घरात एकच मिळत असल्यामुळे प्रत्येक हातच्या एकामागे अंकांची बेरीज ९ ने कमी होते.

हा नियम तपासायला दहा एकांचा वर्ग उत्तम आहे, आणि नक्षी कुठे मोडते तेही तिथेच दिसते. १११११११११११ नव्हे, दहाच एक घ्या (मोजताना इथे मुलांची आणि मोठ्यांचीही हटकून चूक होते) : ११११११११११ चा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ येतो. मधल्या स्तंभाची बेरीज १० झाली, तिथे ० लिहून हातचा १ डावीकडे गेला. त्या घरात आधीच ९ होते, त्यांचे १० झाले, पुन्हा ० आणि हातचा १. पुढच्या घरातल्या ८ चे ९ झाले आणि गाडी थांबली. हातचा दोनदा आला, म्हणून अंकांची बेरीज १०० ऐवजी १०० वजा १८ म्हणजे ८२ झाली. दोन्हीकडून सारखी वाचली जाण्याचा गुणही त्याच क्षणी गेला. म्हणजे आपली संख्या ही १, १२१, १२३२१, १२३४३२१ या मालिकेतली नववी आणि ही नक्षी शाबूत ठेवणारी शेवटची संख्या आहे.

येथे एक भेद स्पष्ट करायला हवा, कारण पुढचे सगळे विवेचन त्यावर उभे आहे. चढत जाऊन उतरणारे अंक, डावीउजवीकडून सारखे वाचन आणि अंकांची ८१ ही बेरीज हे त्या संख्येच्या दशमान लेखनाचे गुण आहेत. तीच संख्या द्विमान पद्धतीत (पाया २) लिहिली तर चोपन्न अंकांची होते आणि ही चढउतार नाहीशी होते. उलट, हेच सतरा अंक संगणकातल्या षोडशमान पद्धतीत (पाया १६) लिहिले तर ती वेगळी आणि बरीच मोठी संख्या असेल, पण तीही त्या पद्धतीतल्या नऊ एकांचा वर्गच असेल, कारण तिथेही स्तंभाची बेरीज नऊच्या वर जात नाही. पाया दहा किंवा त्याहून कितीही मोठा घ्या, अंकांची ही रांग पूर्ण वर्गच दाखवते. मूळ अवयव, विभाजकांची संख्या, दोन वर्गांच्या बेरजेत मांडता येणे या गोष्टी मात्र लेखनावर अवलंबून नसतात. त्या संख्येच्या स्वतःच्या असतात.

लेखनाच्या गुणांचा अभ्यास हलका समजला जातो, पण या मालिकेशी आपल्याकडच्या एका नावाचा संबंध आहे आणि तो सांगितला पाहिजे. नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिक्षक असलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी अशा संख्यांना ‘डेम्लो संख्या’ हे नाव दिले. हे नाव कोणा गणितज्ञाचे नव्हे. त्यांना ही कल्पना जिथे सुचली ते तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेवरचे डेम्लो स्थानक, म्हणजे आजचे डोंबिवली. डेम्लो संख्येत मध्ये एकच अंक एकदा किंवा अनेकदा येतो, आणि तिचा डावा तुकडा व उजवा तुकडा यांची बेरीज केली की तोच अंक, एकदा किंवा अनेकदा, मिळतो : १६५ मध्ये १ + ५ = ६, २५५३ मध्ये २ + ३ = ५, ४७७७३ मध्ये ४ + ३ = ७. एकांच्या वर्गांची मालिका याच व्याख्येत बसते, आणि तिला कापरेकरांनी ‘वंडरफुल डेम्लो’ संख्या म्हटले; १९३८ मध्ये त्यांनी त्यावर निबंधही प्रसिद्ध केला. आपल्या संख्येचे मधले ९ बाजूला ठेवले तर डावीकडे १२३४५६७८ आणि उजवीकडे ८७६५४३२१ उरतात, आणि त्यांची बेरीज ९९९९९९९९ होते. आपल्या विद्यार्थ्यांना कापरेकर ६१७४ या स्थिरांकामुळे माहीत असतील. ही मालिका त्यांना दाखवायला तितकीच सोपी आहे.

त्याच्याही पुष्कळ आधी, नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात होऊन गेलेल्या महावीराचार्यांनी गणितसारसंग्रहात गळ्यातल्या हारासारखे दिसणारे गुणाकार दिले आहेत. त्यांत १२३४५६५४३२१ ही संख्या येते, आणि तिचे वर्णन एकापासून सहापर्यंत चढत जाऊन मग क्रमाने उतरणारी असे केलेले आहे. ती सहा एकांचा वर्ग आहे. ग्रंथात ती २७९९४६८१ × ४४१ अशी मिळवलेली आहे. ४४१ हा २१ चा वर्ग आणि २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग, आणि २१ × ५२९१ = ११११११, हे पाहिले की तो गुणाकार अंदाजाने सापडलेला नव्हता हे पटते.

आता अवयवांकडे वळू. नऊ एक म्हणजे तीन-तीन एकांचे तीन गट, म्हणून १११११११११ = १११ × १००१००१. यातला १११ म्हणजे ३ × ३७ आणि १००१००१ म्हणजे ३ × ३३३६६७. यावरून नऊ एकांची संख्या ३ × ३ × ३७ × ३३३६६७ आहे, आणि आपली संख्या या सर्वांचा वर्ग आहे. गट पाडण्याची हीच युक्ती वर्गावर चालवली तर १२३२१ × १००२००३००२००१ असा गुणाकार मिळतो, आणि तो प्रत्यक्ष करून पाहण्यासारखा आहे : १२३२१ चा एक, दोन, तीन, दोन, एक पट तीन-तीन घरे सरकवून मिळवत जायचे, की १२३४५६७८९८७६५४३२१ हळूहळू आकार घेते.

३३३६६७ मूळ संख्या आहे असे मी म्हटले, पण ते गृहीत धरू नये. सरळ पद्धतीने तपासायचे तर तिच्या वर्गमूळापर्यंत, म्हणजे ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते, आणि त्या १०६ आहेत. हे काम बरेच कमी करता येते. ३३३६६७ ला भागणारी कोणतीही मूळ संख्या एक अब्ज वजा एक, म्हणजे ९९९९९९९९९, हिलाही भागते. ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८ असल्यामुळे ती ३ ने भागली जात नाही. यावरून ज्या मूळ संख्येचा शोध घ्यायचा तिच्या व्यस्ताचे (१ भागिले ती संख्या) दशांश आवर्तन, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा अंकांचा तुकडा, बरोबर नऊ अंकांचे असावे लागते, आणि मूळ संख्येतून एक वजा केला असता जे उरते त्याला आवर्तनाची लांबी नेहमी भागते. म्हणजे ती संख्या ९ ने भागल्यास बाकी १ उरणारी आणि विषम, थोडक्यात १८ ने भागल्यास बाकी १ उरणारी असली पाहिजे. ५७७ पर्यंत अशा मूळ संख्या १९, ३७, ७३, १०९ पासून ५७७ पर्यंत मोजून सतरा आहेत. १९ ने भागले तर बाकी ८, ३७ ने भागले तर बाकी १, आणि याप्रमाणे सतरांपैकी एकानेही भाग जात नाही. १०६ भागाकारांचे काम सतरांत आटोपते, आणि दहावीच्या हुशार मुलाला ते एका तासात करता येते.

याच तर्काचे दुसरे टोक असे की, ज्यांचे आवर्तन बरोबर नऊ अंकांचे आहे अशा मूळ संख्यांत ३३३६६७ ही एकटीच आहे, आणि आवर्तन बरोबर तीन अंकांचे असणारी मूळ संख्या ३७ हीही एकटीच आहे. १ ला ३७ ने भागले की ०.०२७०२७०२७… मिळते, १ ला ३३३६६७ ने भागले की ०००००२९९७ हा नऊ अंकांचा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. आपल्या संख्येचे तीनही मूळ अवयव, ३ सुद्धा, आवर्तनाच्या दृष्टीने असे एकटे आहेत. मला या संख्येत सर्वांत आवडणारी गोष्ट हीच आहे, आणि फिरणाऱ्या संदेशांत ती मी कधीच वाचलेली नाही.

मूळ अवयव हाती आले की उरलेले हिशेब झटपट होतात. विभाजकांची संख्या ५ × ३ × ३ म्हणजे ४५ आहे. ती विषम असणे हीच पूर्ण वर्गाची खूण आहे, कारण बाकीचे विभाजक जोडीजोडीने येतात आणि वर्गमूळ तेवढे एकटे राहते. इथे बावीस जोड्या आणि मधोमध १११११११११. सर्व विभाजकांची बेरीज १८९५४२७९५९२८२७५७९ भरते. त्यातून स्वतः संख्या वजा केली तर ६६०८६००६०५१७३२५८ उरतात, म्हणजे संख्येच्या निम्म्याहून थोडे अधिक. परिपूर्ण संख्येत ही बेरीज संख्येएवढीच भरते; त्यामुळे ती परिपूर्ण संख्येपासून बरीच दूर, न्यून (बेरीज कमी पडणाऱ्या) गटातली आहे. तिच्याहून लहान आणि तिच्याशी सहमूळ (१ शिवाय सामाईक विभाजक नसलेल्या) संख्या ८००७९८३९९१९९२०१६ आहेत. पहिल्या १११११११११ विषम संख्यांची, म्हणजे १ पासून २२२२२२२२१ पर्यंतच्या सर्व विषम संख्यांची बेरीज आपली संख्या देते, पण हा प्रत्येक वर्गाचाच गुण आहे, त्यामुळे त्याचे कौतुक या एका संख्येला देता येत नाही.

दोन वर्गांच्या बेरजेविषयी मात्र थांबून सांगण्यासारखे आहे. एखादी संख्या दोन वर्गांच्या बेरजेत मांडता येण्याची अट अशी की, ४ ने भागल्यास बाकी ३ उरणाऱ्या मूळ संख्या तिच्या अवयवांत सम वेळा आल्या पाहिजेत. १११११११११ मध्ये ३३३६६७ ही अशी मूळ संख्या एकदाच येते, म्हणून नऊ एकांची संख्या दोन वर्गांच्या बेरजेत कधीच मांडता येत नाही. तिचा वर्ग केला की ३ चारदा आणि ३३३६६७ दोनदा येतात, अडथळा दूर होतो, आणि ३७ एकटी काम करू लागते : ३७ चा वर्ग १३६९ हा ३५ चा वर्ग १२२५ आणि १२ चा वर्ग १४४ यांची बेरीज आहे. उरलेले अवयव ९ × ३३३६६७ = ३००३००३ हे १२, ३५ आणि ३७ या तिघांना गुणले की ३६०३६०३६, १०५१०५१०५ आणि १११११११११ असे पायथागोरसचे त्रिकूट तयार होते. म्हणजे ३६०३६०३६ चा वर्ग आणि १०५१०५१०५ चा वर्ग मिळून बरोबर १२३४५६७८९८७६५४३२१ होतात, आणि शून्य न वापरता ही संख्या दोन वर्गांत फोडण्याची एवढी एकच रीत आहे. कर्ण १११११११११ असलेला, पूर्णांकी बाजूंचा काटकोन त्रिकोण एकच आहे. त्याच्या तिन्ही बाजूंत तीन-तीन अंकांचे तुकडे (०३६, १०५, १११) तीनदा यावेत, ही नक्षी ३००३००३ या समान गुणकामुळे आली आहे.

यापुढे १ ला या संख्येने भागून पाहू. आपली संख्या ९९९९९९९९९ × १२३४५६७९ आहे. हे तपासणे सोपे आहे : १२३४५६७९ पुढे नऊ शून्ये लिहा आणि त्यातून १२३४५६७९ वजा करा. संख्येचे उजवीकडून नऊ-नऊ अंकांचे तुकडे पाडून बेरीज केली तरी १२३४५६७८ + ९८७६५४३२१ = ९९९९९९९९९ येते; ९ च्या कसोटीत आपण अंकांची बेरीज करतो, तशीच ही नऊ नवांची कसोटी आहे. आता संख्येला ८१ ने गुणले तर ९९९९९९९९९ चा वर्ग, म्हणजे ९९९९९९९९८००००००००१ मिळतो. म्हणून १ ला आपल्या संख्येने भागणे म्हणजे ८१ ला नऊ नवांच्या वर्गाने भागणे होय. १ ला नऊ नवांच्या वर्गाने भागले तर दशांश चिन्हापुढे नऊ-नऊ अंकांच्या तुकड्यांत ०, १, २, ३ अशी मोजणी येते. तिला ८१ ने गुणले की ०००००००००, ०००००००८१, ००००००१६२, ००००००२४३ असा चक्क ८१ चा पाढा, प्रत्येक उत्तर नऊ घरांत बसवून, उमटत जातो.

पाढा किती दूर जातो? ८१ × १२३४५६७७ = ९९९९९९८३७ हा तुकडा बिनचूक येतो. त्यापुढे ८१ × १२३४५६७८ = ९९९९९९९१८ यायला हवे, पण तिथे ९९९९९९९१९ येते, कारण उजवीकडच्या, नऊ घरांत न मावणाऱ्या तुकड्यांकडून हातचा १ येऊन पोचतो; आणि त्यानंतर पुन्हा ०००००००००, पुन्हा ०००००००८१, अशी नवी फेरी सुरू होते. एका फेरीत १२३४५६७९ तुकडे, प्रत्येकात नऊ अंक, म्हणून आवर्तनाची लांबी बरोबर १११११११११ अंकांची भरते. संख्या वर्ग आहे आणि तिच्या व्यस्ताचे आवर्तन तिच्या वर्गमूळाएवढे लांब आहे. शाळेत शिकवल्या जाणाऱ्या १ भागिले ८१ = ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… या आवर्तनात ८ गळतो, त्यालाही शेवटाकडून आलेला हातचाच कारण आहे.

आता स्प्रेडशीटबद्दल. विद्यार्थ्याने चूक केलेली नाही. बहुतेक स्प्रेडशीट पंधराच सार्थ अंक ठेवतात. सतरा अंकी संख्या दिली की शेवटचे दोन अंक शून्य होतात आणि १२३४५६७८९८७६५४३०० दिसते. त्यामागे संगणकाची नेहमीची दशांश-संख्या साठवण्याची रीत आहे : तिच्यात ५३ द्विमान अंकांचीच जागा असते, त्यामुळे ९००७१९९२५४७४०९९२ च्या पलीकडे सर्व पूर्णांक बिनचूक साठवता येत नाहीत, आपली संख्या ज्या टप्प्यात आहे तिथे फक्त सम संख्या बसतात. आपली संख्या विषम आहे, म्हणून जावास्क्रिप्टसारख्या भाषेत ती नुसती लिहिली तर १२३४५६७८९८७६५४३२० अशी उमटते. पायथनमध्ये पूर्णांकांना अशी मर्यादा नाही, तिथे वर्ग करून पाहिल्यास सतराच्या सतरा अंक बरोबर मिळतात.

अधिक बोधप्रद भाग वर्गमूळाचा आहे. १२३४५६७८९८७६५४३०० ही संख्या पूर्ण वर्ग नाही : दोन शून्ये काढली तर ३ ने संपणारी संख्या उरते, आणि कोणताही वर्ग ३ ने संपत नाही. तरीही स्प्रेडशीट तिचे वर्गमूळ १११११११११ दाखवते, कारण खरे वर्गमूळ १११११११११ पेक्षा सुमारे एक कोटीअंशाने कमी आहे, आणि तो फरक पंधरा अंकांत मावत नाही. म्हणजे विद्यार्थ्याला उत्तर बरोबर दिसले, पण ते चुकीच्या संख्येचे होते. मोठ्या संख्येचे वर्गमूळ पडद्यावर पूर्णांक दिसले म्हणून ती वर्ग आहे असे मानू नये. त्या पूर्णांकाचा वर्ग पूर्ण अंकांनिशी करून दिलेल्या संख्येशी ताडून पाहावा.

राहिले नवाचे सामर्थ्य. अंकांची बेरीज ८१ का, हे वर आले आहे. संख्या ९ ने भागली जाते, याचे कारण तिच्या वर्गमूळात नऊ एक आहेत. मध्ये ९ येतो, कारण ओळी नऊ आहेत. हे सगळे नऊ शेवटी एकाच नवापाशी जातात : आपण दहाच्या पायावर लिहितो, आणि दहाच्या आधीचा अंक ९ आहे. बाराच्या पायावर लिहिणाऱ्यांची अशी नक्षी अकरा एकांच्या वर्गापर्यंत टिकली असती, आणि त्यांच्याकडे अकराच्या सामर्थ्याचे संदेश फिरले असते.

आपण शेवटी विचारले आहे की, मध्ये १० घालून रांग आणखी एक पायरी वाढवली तर काय होते. १२३४५६७८९१०९८७६५४३२१ ही वीस अंकी संख्या कोणाचा वर्ग नाही, तिच्या अंकांची बेरीज ९१ असल्यामुळे ती ३ नेही भागली जात नाही, आणि ती मूळ संख्या आहे. गट पाडण्याची किंवा स्तंभ मोजण्याची कोणतीही युक्ती तिथे चालत नाही. ती मूळ आहे हे संगणकावर कसोटी लावूनच ठरवावे लागते.